डावी बाजू

मंगळवारी सकाळी पेंटरांनी चहाचा पहिला घोट घेतला आणि तो घशाकडे न जाता तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून शर्टावर उतरला. कपाला तडा गेला असावा असं वाटून त्यांनी तो खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिला. कप धड होता. दुसरा घोट घेतला, तोही त्याच वाटेने गेला.

समोर बायको पेन्सिल घेऊन वर्तमानपत्र वाचत होती. छापखान्यात प्रूफं तपासण्यात तिची हयात गेली होती. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी बातमीतली ऱ्हस्व-दीर्घाची चूक तिला खूण केल्याशिवाय सोडवत नसे. तिने मान वर केली, चष्मा नीट बसवला आणि म्हणाली, "हसा बघू."

"का?"

"हसा म्हणते ना."

पेंटर हसले. निदान त्यांना तसं वाटलं. बायकोच्या हातातली पेन्सिल टेबलावर पडली, तेव्हा त्यांना कळलं की अर्धाच चेहरा हसला आहे.

तासाभरात ते डॉक्टरांसमोर बसले होते. डॉक्टर त्यांच्या मुलीच्या वयाची, शांत स्वभावाची बाई होती. तिने हात वर करायला लावले, तिची बोटं दाबायला लावली, फरशीच्या रेघेवरून चालायला लावलं, आणि मग म्हणाली, "मेंदूचं काही नाही, घाबरू नका. चेहऱ्याकडे जाणारी एक नस सुजली आहे. गोळ्या देते. तीन आठवडे लागतील नाहीतर तीन महिने. बहुतेक सगळं परत येईल. थोडं राहिलं तर राहिलं."

डावा डोळा मिटत नव्हता म्हणून त्यात घालायला थेंब दिले. झोपताना पापणी खाली ओढून तिच्यावर लावायला कागदी चिकटपट्टी दिली. शिवाय व्यायाम सांगितला. भुवया वर करायच्या, डोळे घट्ट मिटायचे, गाल फुगवायचे, शीळ घालायची, दात दाखवायचे. प्रत्येक गोष्ट दहा वेळा, दिवसातून तीनदा, आरशासमोर बसून.

"मला आरशात बघायची सवय नाही," पेंटर म्हणाले. 'सवय' नीट आलं, पण 'मला'तला 'म' आणि 'बघायची'तला 'ब' ओठांतून वाऱ्यासारखे निसटले.

"मग लावून घ्या," डॉक्टर म्हणाली.

घरी येताना टॅक्सीत बायको औषधांची चिठ्ठी वाचत होती. घराजवळचं वळण आलं तेव्हा म्हणाली, "चाळीस वर्षं माझ्या स्वयंपाकाला तोंड वाकडं केलंत. कधीतरी ते तसंच राहायचं होतं."

पेंटर म्हणजे भिंती रंगवणारे नव्हेत. माणसांचे चेहरे हा त्यांचा धंदा. ते स्वतःला चित्रकार म्हणवून घेत, पण सगळं शहर पेंटर म्हणे आणि त्यांनीही ते केव्हाच मान्य केलं होतं. कॉलेजातले प्राचार्य, कोर्टातले न्यायाधीश, कारखान्यांचे संस्थापक, वाचनालयाचे देणगीदार, अशी दोनशेच्या वर माणसं त्यांच्या हातून सोनेरी चौकटीत जाऊन भिंतींना लागली होती. त्यांच्या हाताखाली प्रत्येक जण दहा वर्षांनी लहान व्हायचा. तिरळा डोळा सरळ व्हायचा, दुसरी हनुवटी नाहीशी व्हायची. बरोबरीचे चित्रकार त्यांना मागे 'इस्त्रीवाला' म्हणत. हे पेंटरांच्या कानावर आलं तेव्हा ते म्हणाले होते, "इस्त्री करून कपडा बदलत नाही. माणूसही बदलत नाही." उत्तर बरं जमलं होतं. ते त्यांनी पुढे बऱ्याच ठिकाणी वापरलं.

वय वर्षं चौऱ्याहत्तर, आणि या एवढ्या आयुष्यात स्वतःचा चेहरा त्यांनी एकदाही काढला नव्हता. दाढी करतानासुद्धा ते गाल बघत, हनुवटी बघत, सगळा चेहरा एकदम बघत नसत. विचारलं तर म्हणत, न्हावी स्वतःची हजामत करत बसला तर दुकान कोणी चालवायचं?

आता दुकान आपोआप बंद झालं होतं. एका निवृत्त प्राचार्यांचं चित्र ईझलवर अर्धवट होतं, पण लाळ पुसत, एका डोळ्यातून पाणी गाळत कोणासमोर बसणार? त्यांनी निरोप पाठवला आणि माळ्यावरच्या खोलीत, जिथे ते काम करत, तिथे आरसा नेऊन ठेवला. सकाळी व्यायामाला बसायचं, दहा वेळा भुवया वर करायच्या. उजवी टुणकन वर जायची, डावी ढिम्म. दहा झाल्या की ते उठून खोलीत फेऱ्या मारायचे. परत बसायचे, गाल फुगवायचे, हवा डावीकडून फुस्स करून निघून जायची. परत उठायचे. पायाला भिंगरी लागल्यासारखं व्हायचं. हातांना काम हवं होतं आणि समोर दिसायला दुसरं काही नव्हतं.

नवव्या दिवशी त्यांनी प्राचार्यांचा कॅनव्हास उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला, नवा चढवला आणि आरशातलं काढायला घेतलं.

पहिलं चित्र दोन दिवसांत संपलं. हात घाईला आला होता. डावा गाल ओल्या कपड्यासारखा लोंबत होता, खालची पापणी सुटून आतली लाल कड दिसत होती, आणि ओठांचा कोपरा कोणीतरी अंगठ्याने खाली दाबून धरल्यासारखा होता. उजवी बाजू मात्र नेहमीची, साठ-पासष्टीच्या सभ्य गृहस्थाची. बायको चहा घेऊन वर आली. कप ठेवून तिने चित्र पाहिलं, मग पेंटरांना पाहिलं.

"उलटं आहे," ती म्हणाली.

"काय उलटं?"

"तुमचा डावा गाल पडलाय. चित्रातल्या माणसाचा उजवा."

"आरशात बघून काढलंय. आरशात तसंच दिसणार."

"छापखान्यात आम्ही अक्षरांचे शिशाचे खिळे उलटे वाचायचो. ते वाचणं आमचं काम होतं. बघायला येणारा माणूस खिळे वाचत नाही."

ती खाली गेली आणि पेंटरांना स्वस्थता म्हणून उरली नाही. दुपारी त्यांनी बाथरूममधला आरसा काढून आणला, दोन आरसे काटकोनात उभे केले, त्यांच्या कडा जुळवायला अर्धा दिवस घालवला. त्या सांध्यात पाहिलं की चेहरा सुलटा दिसायचा, जसा तो लोकांना दिसतो तसा. पण डोकं डावीकडे झुकवलं की समोरचा माणूस भलतीकडेच झुकायचा. त्या माणसाशी त्यांची ओळख नव्हती. तो कुठल्यातरी परगावच्या नातेवाइकासारखा वाटायचा, लग्नकार्यात भेटतो आणि नाव आठवत नाही असा. दुसरं चित्र त्याचं. तिसरंही त्याचंच.

पाच आठवड्यांत अकरा चित्रं झाली. इतक्या झपाट्याने त्यांनी तरुणपणीही काम केलं नव्हतं. सकाळी उजेड आला की ते वर. जेवायला तीनदा हाका माराव्या लागत. एका चित्रात ते शीळ घालायचा प्रयत्न करत होते आणि ओठ नुसतेच उघडे होते. एकात झोपायच्या आधीची चिकटपट्टी पापणीवर होती. चौथं चित्र सगळ्यांत साधं होतं. त्यात ते नुसते पाहत होते, एका डोळ्याने पाहत होते आणि दुसऱ्याने पाहायचं थांबवता येत नव्हतं.

बाराव्यासाठी कॅनव्हास ताणत असतानाच गॅलरीवाली आली. ती शहरातल्या एका मोठ्या गॅलरीचं काम बघायची, चाळिशीची, बोलायला तरतरीत. ती आली होती एका जुन्या न्यायाधीशांचं चित्र प्रदर्शनासाठी मागायला. जिना चढून खोलीत आली आणि न्यायाधीशांना विसरून भिंतीशी ओळीने लावलेल्या अकरा चेहऱ्यांसमोर उभी राहिली.

"सर," ती हळू म्हणाली, "हे तुम्ही कधी केलंत?"

"लकवा झाल्यावर. वेळ होता."

"हे फार खरं आहे."

पेंटरांनी रुमाल तोंडाशी नेला. लाळ पुसून झाली तरी तो तिथेच धरून ठेवला. पन्नास वर्षांत त्यांच्या कामाला लोकांनी सुबक म्हटलं होतं, हुबेहूब म्हटलं होतं, राजबिंडं म्हटलं होतं. खरं कोणी म्हटलं नव्हतं.

गॅलरीवालीने तिथल्या तिथे तारीख ठरवली. सव्वादोन महिन्यांनी, फक्त याच चित्रांचं प्रदर्शन, किमान वीस हवीत. "आणखी नऊ होतील ना, सर?"

"सहज होतील," पेंटर म्हणाले. 'प' आणि 'म' त्यांना अजून येत नव्हते. सुदैवाने या दोन शब्दांत ते नव्हते.

चेहरा परत यायला सुरुवात झाली ती त्याच आठवड्यात. पहिल्यांदा दिसलं ते बायकोला. जेवताना ती एकदम थांबली आणि म्हणाली, "परत करा."

"काय करू?"

"आत्ता नाकाशेजारी हललं. डावीकडे. परत करा."

त्यांनी नाक मुरडलं. डाव्या नाकपुडीशेजारी कातडीखाली बारीकशी लहर येऊन गेली. बायकोने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच मुलीला फोन करायला उठली. पेंटर ताटासमोर बसून राहिले. आनंद झाला होता, नाही असं नाही. पण त्याच्या मागोमाग दुसरंही काही आलं होतं आणि ते बायकोला सांगण्यासारखं नव्हतं. त्यांच्या मनात आलं, अजून नऊ बाकी आहेत.

त्यानंतर नस भराभर जागी होऊ लागली. भुवई हलली. पापणी आधी अर्धी, मग पूर्ण मिटली. ओठांचा कोपरा रोज थोडा वर सरकत होता, आणि पेंटर रोज सकाळी आरशासमोर बसून, किती गेलं ते बघत होते. पहिल्या अकरा चित्रांत ब्रश आपण होऊन चालला होता. आता तो अडायला लागला. समोरचा चेहरा दिवसेंदिवस नेहमीचा होत होता, सभ्य, जरासा थकलेला, कुठल्याही वाचनालयाच्या भिंतीवर शोभेल असा. तसा काढून काय उपयोग? त्यांनी आठवून काढायला सुरुवात केली. जुनी चित्रं समोर ठेवून डावा गाल आणखी खाली ओढला. पापणीची लाल कड आणखी लाल केली. बारावं, तेरावं, चौदावं, पंधरावं, सोळावं. प्रत्येक संपलं की त्यांना वाटे, याच्यात दम आहे. तासाभराने बेचैन होऊन ते टर्पेंटाइनचा बोळा घेऊन परत त्याच गालाकडे जात.

त्यातच एकदा नसेच्या तपासणीसाठी त्यांना मोठ्या हॉस्पिटलात जावं लागलं. नंबर यायचा होता. बाकावर बसले आणि वर पाहिलं, तर भिंतीवर त्यांचंच एक काम होतं. हॉस्पिटलच्या निवृत्त मेट्रनबाईंचं चित्र, बावीस वर्षांपूर्वीचं. पांढरा गणवेश, घडी घातलेले हात, गुळगुळीत गाल.

तो गाल गुळगुळीत नव्हता. मेट्रनबाईंच्या डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत भाजल्याचा डाग होता, लहानपणी उकळतं पाणी अंगावर सांडलं होतं त्याचा. पहिल्याच बैठकीला त्या आपण होऊन डावी बाजू पुढे करून बसल्या होत्या. "ही बाजू घ्या," म्हणाल्या होत्या. पेंटरांनी ती घेतलीही. तिसऱ्या बैठकीपर्यंत डाग उत्तम उतरला होता, ताणलेली, चकाकणारी, गुलाबी कातडी. मग हॉस्पिटलचे विश्वस्त काम बघायला आले आणि म्हणाले, येणारे पेशंट आधीच घाबरलेले असतात, जरा बरं दिसू दे. पेंटरांनी वरून एक थर दिला. मेट्रनबाईंना विचारलं नाही. चित्र लावलं त्या दिवशी त्यांनी ते बराच वेळ पाहिलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "छान आहे. कोण आहेत या?" लोक हसले, पेंटरही हसले.

आता बाकावर बसल्या बसल्या त्यांना तो गाल बघवेना. त्यांचा नंबर पुकारला गेला तेव्हा ते जागेवर नव्हते. ते कार्यालयात मेट्रनबाईंचा पत्ता मागत होते.

मेट्रनबाई आता ब्याऐंशी वर्षांच्या होत्या, भाच्याकडे राहत होत्या, तिसऱ्या मजल्यावर. दार त्यांनीच उघडलं. पेंटरांना ओळखायला त्यांना क्षणभर लागला.

"चित्रवाले ना तुम्ही? या. तोंडाला काय झालं?"

उत्तर द्यायच्या आधीच त्यांनी पेंटरांना खिडकीपाशी बसवलं, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि गालावर दोन बोटं दाबली. "भुवया वर. डोळे मिटा, घट्ट. आणखी घट्ट. हं. किती दिवस झाले?"

"दोन महिने होतील."

"चांगलं आलंय. हसलात की डोळा बारीक होतो, तेवढं राहील बहुतेक. बोला, काय काम काढलंत?"

पेंटरांनी वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं, ते ऐन वेळी पळालं. ते एवढंच म्हणाले, "तुमचं चित्र दुरुस्त करायचंय. डाग खाली तसाच आहे. वरचा थर अलगद काढता येतो. हॉस्पिटलची परवानगी मी घेईन."

मेट्रनबाई हसल्या. "बावीस वर्षं ती बाई तिथे ड्यूटीवर आहे. नर्सेस सांगतात, तिच्याकडे बघून लोक जरा शांत होतात. माझ्याकडे बघून लहान मुलं रडायची. राहू दे तिला, नोकरीवरून काढू नका."

"पण ती तुम्ही नाही."

"हे तुम्हाला आज समजलं? मला त्याच दिवशी समजलं होतं."

पेंटरांना वाटलं होतं, त्या रागावतील किंवा रडतील, मग आपण माफी मागू आणि एक ओझं उतरेल. तसं काहीच होईना. ते खुर्चीत चुळबुळत राहिले. शेवटी म्हणाले, "मी सध्या स्वतःला काढतोय. लकव्यासकट. आहे तसा." हे सांगताना आवाजात थोडी ऐट आलीच.

"असं? मग बघायला येते," मेट्रनबाई म्हणाल्या. "घरात बसून मला कंटाळा आलाय."

रविवारी भाच्याने त्यांना आणून सोडलं. माळ्यापर्यंतच्या पायऱ्या त्यांनी दोनदा थांबून चढल्या. पेंटरांनी सोळाही चित्रं क्रमाने लावून ठेवली होती. बायको दारात हाताची घडी घालून उभी होती. मेट्रनबाई वॉर्डातून फेरी मारावी तशा चित्रांपुढून निघाल्या, प्रत्येकापाशी थोडं थांबत. चौथ्यापाशी त्या बराच वेळ राहिल्या. अकराव्यानंतर त्यांचा वेग वाढला. सोळावं बघून त्या परत मागे आल्या आणि बाराव्याकडे बोट केलं.

"हे कधीचं?"

"गेल्या महिन्यातलं."

"आणि त्यापुढची?"

"नंतरची. शेवटचं या आठवड्यातलं."

"या आठवड्यात मी तुमचा डोळा मिटताना पाहिलाय. यातला माणूस मिटू शकत नाही. हा ओठ बघा, इतका कधी पडत नाही. पडला असता तर तुम्हाला गिळता आलं नसतं."

"चित्रात थोडं वाढवावं लागतं," पेंटर म्हणाले. "त्याशिवाय पोचत नाही."

"माझ्यात कमी केलंत, स्वतःत वाढवलंत. मला देखणी केलंत, स्वतःला बिचारा." त्या अगदी सहज बोलत होत्या, पेशंटच्या नातेवाइकाला सांगावं तशा. "हात तोच आहे तुमचा."

"तुम्हाला चित्रातलं काय कळतं?" हे पेंटरांच्या तोंडातून निघून गेलंच.

"चित्रातलं नाही कळत," मेट्रनबाई म्हणाल्या. "लकव्यातलं कळतं."

त्या गेल्यावर पेंटरांचा दिवस माळ्यावरच गेला. आरसे पुसले, परत पुसले. सोळा चित्रांची जागा बदलली, आधी उलट क्रमाने लावली, मग रंगाप्रमाणे लावली, मग सगळी भिंतीकडे वळवली. बायकोने विचारलं, "त्या म्हणाल्या ते लागलं का?" तर म्हणाले, "म्हाताऱ्या बाईचं काय मनावर घ्यायचं." त्यांच्यात आणि मेट्रनबाईंत आठ वर्षांचं अंतर होतं.

गॅलरीवालीचा फोन आला. बारावं ते सोळावं ती मधे येऊन बघून गेली होती. पत्रिका छापायला गेल्या होत्या, राहिलेली चार कधी बघायला येऊ, असं ती विचारत होती. पेंटर म्हणाले, पंधरा दिवसांनी या. फोन ठेवला आणि थेट वर गेले. आठवून काढलं म्हणून ते चुकलं असेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. डोळ्यांसमोर असेल तर ती बाई काय म्हणणार? ड्रॉवरमध्ये पापणीच्या चिकटपट्टीचं भेंडोळं पडलं होतं. त्यांनी तीन लांब पट्ट्या फाडल्या. गाल बोटांनी खाली ओढला, एक पट्टी डोळ्याखालून जबड्यापर्यंत लावली. दुसरी ओठांच्या कोपऱ्यापासून गळ्यापर्यंत. आरशात पाहिलं. जवळपास जमलं होतं. तिसरी आडवी लावली. पॅलेटवर रंग काढले आणि सतरावं चित्र सुरू केलं. गालाचा रंग लावताना पट्ट्या तेवढ्या वगळल्या.

तासाभराने बायको वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीकडे निघाली होती. जाता जाता दारातून तिने आत पाहिलं आणि थांबली.

"अहो, गालाला काय चिकटवलंय?"

पेंटर वळले. खोटं बोलायचं म्हटलं तर तोंड अर्धं चिकटलेलं. "सतरावं आहे," ते कसेबसे म्हणाले.

"बरा झालेला गाल तुम्ही पट्टी लावून पाडलात?"

बायको आत आली, मोडक्या स्टुलावर बसली आणि तिचे खांदे हलायला लागले. आधी त्यांना वाटलं, ती रडतेय. ती हसत होती. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा काढावा लागला. "तीन महिने मी देवाला हात जोडतेय," ती म्हणाली, "आणि तुम्ही इथे बसून... अहो, काय हे."

पेंटरांना राग यायला हवा होता. पण तिचं हसणं संसर्गजन्य होतं, आणि त्यांनाही आतून उमाळा आला. ते हसले तशी ओठांजवळची पट्टी सुटून लोंबायला लागली, कोपरा वर गेला, आणि डावा डोळा आपोआप बारीक झाला. मग हसणं ओसरलं. बायकोने उठून त्यांच्या केसांवरून एकदा हात फिरवला आणि कपडे काढायला निघून गेली.

पेंटर परत आरशाकडे वळले. पट्टी काढायला हात वर गेला होता, तो तसाच राहिला. आरशात चौऱ्याहत्तर वर्षांचा एक माणूस होता. त्याच्या गालाला तीन कागदी पट्ट्या होत्या, एक सुटलेली. कातडी ओढलेल्या जागी लाल झाली होती. डोळ्यांत हसल्याचं पाणी होतं आणि पकडले गेल्याची शरम होती. तो बिचारा नव्हता आणि देखणाही नव्हता. चोरी करताना सापडलेला होता.

त्यांनी सुरू केलेलं चित्र पॅलेट नाइफने खरवडलं आणि त्याच कॅनव्हासवर, पट्ट्यांसकट, जे होतं ते काढायला घेतलं. आठ दिवस लागले. रोज सकाळी त्याच जागी पट्ट्या लावायच्या, एक सुटी ठेवायची. पट्टीचा पांढरा आणि कातडीचा पांढरा वेगळा दिसेना, म्हणून दोन दिवस नुसते त्यातच गेले. एकदा ते इतके कावले की ब्रश खिडकीबाहेर फेकला आणि मग रस्त्यावर जाऊन, पट्ट्या लावलेल्या तोंडानेच, उचलून आणला. समोरचा शिंपी मशीन थांबवून बघत राहिला. पेंटरांनी त्याला मान हलवून नमस्कार केला.

पंधरा दिवसांनी गॅलरीवाली आली. बारा ते सोळा क्रमांकाची चित्रं तिला दिसेनात. पेंटरांनी ती पुसून टाकली होती. एकूण बाराच उरली होती, पहिली अकरा आणि हे एक.

"सर, ती तर सगळ्यांत जोरकस होती," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "आणि हे पट्ट्यांचं... लोक म्हणतील, आधीचंही सगळं असंच नाटक होतं."

"म्हणू देत."

"तुमचंच हसं होईल."

"ते घरी होऊन गेलंय," पेंटर म्हणाले. आता त्यांचे सगळे ओष्ठ्य वर्ण जागेवर आले होते. "हे लावणार नसाल तर ती अकराही राहू देत."

तिने पहिल्या चित्रापासून पुन्हा एकदा चक्कर मारली. शेवटी मोठ्या दालनाऐवजी लहान दालन दिलं आणि बारा चित्रं लावली. दहा दिवस लोक आले. तिचं म्हणणं अगदी चूक नव्हतं. एक जुना चित्रकार सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की इस्त्रीवाल्याने आता सुरकुत्या विकायला काढल्या आहेत. काही जण पट्ट्यांच्या चित्रासमोर हसले आणि मग अवघडून गप्प झाले. एका बाईला ते बघून का कोण जाणे फार राग आला, ती अभिप्रायाच्या वहीत पानभर लिहून गेली. पेंटर रोज जात, दालनात एका जागी बसत नसत, लोकांच्या पाठीमागून फिरत राहत. मेट्रनबाई तिसऱ्या दिवशी आल्या. पट्ट्यांच्या चित्रापुढे उभ्या राहून म्हणाल्या, "या पट्टीने पुरळ आलं असेल." पेंटर म्हणाले, आलं होतं. त्यांनी मलमाचं नाव सांगितलं आणि पुढच्या चित्राकडे गेल्या. चित्र कसं वाटलं, हे विचारायचा पेंटरांना धीर झाला नाही.

प्रदर्शन संपलं, चित्रं घरी आली. बायकोला वाटलं, आता पुरे होईल. झालं उलटंच. पेंटरांनी प्राचार्यांना कळवलं की दुसरा कोणी बघा, आणि पुन्हा आरसे लावले. आता लकवा नव्हता, पट्टी नव्हती, फक्त चेहरा होता, आणि तो सगळ्यांत अवघड जात होता. एका चित्राला महिना लागायचा. कधी त्यात मधेच प्राचार्य डोकावायचे, म्हणजे गाल आपोआप गुळगुळीत व्हायला लागायचा. कधी बिचारा डोकावायचा. दोघांनाही खरवडून काढावं लागे. खिडकीचा उजेड माळ्यावर अपुरा पडतो म्हणून हिवाळ्यात त्यांनी ईझल स्वयंपाकघरात आणला. बायको महिनाभर त्याच्याभोवतीने वळसा घालून भांडी उचलत राहिली.

"हा कितवा?" एकदा तिने विचारलं.

"एकविसावा."

तिने चष्मा वर करून जवळून पाहिलं. प्रूफ वाचावं तशी वरून खाली आली. "कान कोणाचा आहे?"

"माझा."

"तुमचा नाही. तुमच्या कानाची पाळी चिकटलेली आहे. ही सुटी आहे."

पेंटरांनी डोकं वळवून आरशात कान पाहिला. खरंच चिकटलेली होती. दोनशेवर माणसांना त्यांनी हीच सुटी पाळी लावून दिली असावी, सवयीने, न बघता. त्यांनी पॅलेट नाइफ उचलला आणि कान खरवडायला घेतला.

"जेवून घ्या आधी," बायको म्हणाली.

"आलोच," ते म्हणाले आणि मान आणखी थोडी वळवून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा कान नीट बघत उभे राहिले.